मदत हवी आहे: केळीच्या सालीचा बायोचार सीझियम धरतच नाहीये

चोथावाली

नमस्कार मंडळी. पुण्यात एमएस्सी पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या सत्राला आहे. प्रकल्प असा: स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचा बायोचार (कमी हवेत भाजून केलेला कोळसा) करायचा आणि पाण्यातलं सीझियम, स्ट्रॉन्शियम तो किती शोषतो ते बघायचं. घाबरू नका, किरणोत्सारी काही हाताळत नाही. दुकानात मिळणारं साधं सीझियम क्लोराइड आणि स्ट्रॉन्शियम क्लोराइड वापरते. पाण्यात ते किरणोत्सारी सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० सारखंच वागतं, फक्त किरण सोडत नाही.

चहाचा चोथा टिळक रोडच्या एका अमृततुल्यमधून आणते (तिथले काका मला बघून "आली चोथावाली" म्हणतात, आयडी तिथूनच घेतला), केळीच्या साली मंडईतून, अंड्यांची टरफलं मेसमधून. धुऊन, वाळवून, झाकणाच्या क्रुसिबलमध्ये मफल फर्नेसला ५०० अंशांवर दोन तास. मग कुटून चाळलं.

५० मिली पाणी, लिटरला १० मिग्रॅ सीझियम, ०.१ ग्रॅम बायोचार, २४ तास शेकरवर. गाळून एएएसवर (ज्योतीत धातूचं प्रमाण मोजणारं यंत्र) मोजलं.

चोथ्याने थोडंफार घेतलं. केळीने जवळजवळ काहीच नाही, आणि एका नमुन्यात तर शेवटचं सीझियम सुरुवातीपेक्षा जास्त आलं! उलट स्ट्रॉन्शियम केळीच्या चारने (बायोचारला आम्ही 'चार' म्हणतो) जवळपास सगळंच काढलं, इतकं की मलाच पटेना. चार मुळात वाईट असावा असंही नाही, मिथिलिन ब्लू या रंगाचं पाणी त्याने छान स्वच्छ केलं.

गाइड म्हणाले, पुन्हा कर. पुन्हा केलं, तेच आलं. सादरीकरण पंधरा दिवसांवर आहे. कुठे चुकतंय?

खडकवासला_नळ

शीर्षक वाचून पोटात गोळा आला. आपल्या नळाला सीझियम येतं की काय?

चोथावाली

नाही हो काका! पुण्याच्या पाण्याचा यात काही संबंध नाही. सीझियमचं पाणी साफ करायची वेळ आली ती २०११ नंतर जपानच्या फुकुशिमात, अणुभट्टीच्या अपघातामुळे. आपल्याकडे पंजाबात माळव्यातल्या बोअरच्या पाण्यात युरेनियम सापडतं, पण ते खडकातून येणारं, वेगळं प्रकरण. मला युरेनियमला हात लावायची परवानगीही नाही.

निवृत्त_रसायन

चोथावाली, तुझा हात चुकलेला नाही. तीन वेगळ्या भानगडी एकाच चंचुपात्रात जमल्यात.

पहिली, पोटॅशियम. केळीच्या सालीत ते ठासून भरलेलं असतं, म्हणून तर लोक गुलाबाच्या कुंडीत साली पुरतात. साल भाजली की कार्बनचा बराच भाग वायू होऊन उडतो, पोटॅशियम मात्र राखेत तसंच राहतं आणि पाण्यात टाकल्याबरोबर सुटतं. आता सीझियम आणि पोटॅशियम एकाच गणातले भाऊ, दोघांवर एकेकच धन भार. तू सीझियम टाकलंस चिमूटभर, तुझ्या चारने पोटॅशियम सोडलं ओंजळभर. दिवाळीच्या आधीच्या रविवारी लक्ष्मी रोडला गाडी लावायला जाऊन बघ, सीझियमची अवस्था कळेल.

दुसरी भानगड मोजण्यातली आहे, आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. एएएसच्या ज्योतीत सीझियमचा अणू फार सहज इलेक्ट्रॉन गमावतो. जितके अणू आयन होतात तितका संकेत घटतो. पण त्याच द्रावणात पोटॅशियम असेल तर ज्योतीत त्याचे इलेक्ट्रॉन भरपूर होतात, सीझियमचे अणू शाबूत राहतात आणि संकेत वाढतो. तुझ्या प्रमाण द्रावणांत पोटॅशियम नाही, नमुन्यांत आहे. म्हणजे यंत्र तुला नमुन्यातलं सीझियम फुगवून सांगतंय. "सुरुवातीपेक्षा जास्त" चं कोडं बहुधा इथेच सुटेल. उपाय सोपा आहे: प्रमाण द्रावणं, कोरं पाणी आणि नमुने, सगळ्यांत सारखंच पोटॅशियम क्लोराइड घाल, लिटरला दोनेक ग्रॅम पोटॅशियम होईल इतकं. मग चारमधून सुटलेल्या पोटॅशियमने फरक पडणार नाही. आमच्या प्रयोगशाळेत ही चूक पकडायला आम्हाला एक पावसाळा लागला होता, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस.

तिसरी, स्ट्रॉन्शियम. शेकरवरून काढलेल्या पाण्याचा सामू (पीएच) किती होता?

चोथावाली

काका, थांबा, वही बघते… १०.२. लिहून ठेवलाय, पण त्याकडे लक्षच दिलं नव्हतं.

निवृत्त_रसायन

झालं तर मग. केळीच्या राखेत कार्बोनेट असतं. एवढ्या अल्कधर्मी पाण्यात स्ट्रॉन्शियमचा कार्बोनेट होऊन साका बसतो आणि तुझ्या गाळणकागदावर अडकतो. चारने शोषलं असं तू समजतेस, पण ते श्रेय राखेचं.

खातरजमा कर. चार नुसत्या पाण्यात २४ तास हलव, गाळून चार टाकून दे. त्या पाण्यात स्ट्रॉन्शियम घाल, पुन्हा गाळ, मोज. चार नसताना जेवढं कमी होईल तेवढं त्याच्या खात्यातून वजा. सामूचा रकाना न देता "९९ टक्के काढलं" म्हणणारे निबंध मी बरेच वाचलेत, त्यांच्यात तुझी भर नको.

माती_आणि_कोळसा

काकांना +१. मी शेतासाठी बायोचार करते, तिथे हीच राख हवीहवीशी असते, इथे नडते! पुण्यात 'आरती' संस्थेने उसाच्या पाचटाचा कोळसा केला, त्यामुळे कचऱ्यातून कोळसा आपल्याला नवा नाही. पण चुलीचा कोळसा वेगळा आणि पाण्यातून नेमकं एकच मूलद्रव्य उचलणारा वेगळा.

चार आधी ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात हलव, मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुवत राहा, धुवणाची विद्युतवाहकता स्थिर होईपर्यंत. दोनदा खळबळून भागत नाही, मला सात-आठ वेळा लागलं होतं.

तरीही नुसता चार सीझियमसाठी साधारणच राहील, अपेक्षा ठेवू नकोस. त्यासाठी लोक चारवर प्रशियन ब्लू हे निळं रंगद्रव्य चढवतात: आधी फेरिक क्लोराइडमध्ये भिजवायचा, मग पोटॅशियम फेरोसायनाइडमध्ये. त्या निळ्या जाळीत सीझियमचा आयन नेमका बसतो. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात सीझियमची बाधा झालेल्या लोकांना हेच प्रशियन ब्लू पोटात दिलं होतं.

निवृत्त_रसायन

ताई, उत्तम, पण पोरीला दोन गोष्टी सांगायला हव्यात. अल्कधर्मी पाण्यात हा निळा रंग विघटित होतो, म्हणजे न धुतलेल्या केळीच्या चारवर चढवलास तर सगळं मुसळ केरात. आणि निळा चढवल्यावर तो चार तीव्र आम्लात उकळायचा नाही की भट्टीत घालायचा नाही, सायनाइडचा वायू निघू शकतो. फ्यूम हूडशिवाय हे करूच नकोस.

पिरंगुटकर

छान चर्चा. हे सगळं मडक्यात भरून घरचा फिल्टर करता येईल का? अणुयुद्धाची तयारी म्हणून विचारतोय.

माती_आणि_कोळसा

नका करू, साहेब. चार किरणोत्सर्ग संपवत नाही, एका जागी गोळा करतो. पाणी साफ होईल, पण मडकंच किरणोत्सारी होईल. सीझियम-१३७ चा अर्धायुष्यकाळ सुमारे ३० वर्षं, म्हणजे तेवढ्या काळाने ते फक्त निम्मं होतं, मग ते मडकं ठेवाल कुठे? जाळायचंही नाही, सीझियम धुराबरोबर उडतं. आणि ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, तर पाण्याच्या रेणूचाच भाग होऊन बसतं, त्याला चार काय करणार?

चोथावाली

सर्वांचे आभार. चार दिवसांनी लिहितेय.

१. सगळ्यांत पोटॅशियम क्लोराइड घालून तेच जुने नमुने पुन्हा मोजले. "जास्त" आलेला नमुना सुरुवातीच्या आकड्याच्या किंचित खाली आला. गाइडना दाखवलं तर त्यांनी आधीच्या बॅचचे आकडेही काढायला सांगितले, आता ते सगळं खोदकाम.

२. चार नसलेल्या पाण्यातही स्ट्रॉन्शियम बरंचसं गायब! शोषणाचा आलेख रद्द.

३. आम्लाने धुतलेल्या केळीच्या चारने सीझियम घेतलं, पण चोथ्याएवढंच. प्रशियन ब्लूसाठी फ्यूम हूडची वेळ सोमवारी मिळालीय.

आता अंड्यांची टरफलं राहिलीत. स्ट्रॉन्शियमसाठी ती भारी निघतील असं वाटतंय.

निवृत्त_रसायन

५०० अंशांवर टरफलं म्हणजे अजून कॅल्शियम कार्बोनेटच. आधी सामू मोज, मग भारी म्हण.