पडद्यांना खणाचे टायबॅक: हूक किती उंचीवर, पट्टा किती लांब?

रेवती_म
हॉलला जमिनीपर्यंतचे ७ फुटी आयलेट पडदे आहेत. दोन बाजूंना एकेक, प्रत्येकी ४८ इंच रुंद, मोतिया रंगाचं सुती कापड, अस्तर नाही. मरून खणाचे टायबॅक, म्हणजे पडदा बाजूला बांधून ठेवायचे पट्टे, शिवायचेत. पट्टा किती लांब कापू आणि हूक कुठे लावू? भिंत त्या हलक्या पांढऱ्या ब्लॉकची आहे. घरात ४ वर्षांचं मूल आहे.

टीपदोरा
पडदा हवा तितका सैल गोळा करा आणि भिंतीवरच्या खुणेपासून टेप फिरवून परत खुणेवर आणा. तीच तुमची लांबी. अशा पडद्याला साधारण २० ते २२ इंच लागतात. अस्तर असतं तर आणखी ३-४ इंच.

तयार पट्टा २१ बाय ३ इंच धरला, तर कापायचं २२ बाय ७. खणाचा पन्हा लहान असतो, त्यामुळे दुकानातच मोजून मग किती घ्यायचं ते ठरवा. चिकटणारं बकरम (पट्ट्याला कडकपणा देणारं कापड) उलट्या बाजूने निम्म्या भागावर इस्त्रीने बसवा, पण कडेची अर्धा इंच शिलाईची जागा सोडून. बकरम शिलाईत आलं की कोपरे बोजड होतात, सुलटवल्यावर टोक निघत नाही. सुलट बाजू आत घेऊन दुमडा, तीन बाजूंनी शिवा, मध्ये ३ इंच उघडं ठेवा. तिथून सुलटवून इस्त्री करा आणि हाताने टाके घाला. दोन्ही टोकांना मागून पितळी रिंगा लावा. लोखंडी नकोत, पावसाळ्यात गंजाचे डाग थेट पडद्यावर येतात.

आणि कापण्याआधी खण ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. मरून रंग सुटला तर मोतिया पडदा गेलाच समजा.

ओळंबा
बरोब्बर मध्यावर बांधू नका, पडद्याचे दोन सारखे तुकडे पडल्यासारखे दिसतात. एरवी जमिनीपासून ३० ते ३६ इंच शोभतं. तुमच्याकडे मूल आहे, तेव्हा वरच्या तृतीयांशावर, म्हणजे ५६ इंचांच्या आसपास घ्या. पट्ट्याचा फास गळ्यात अडकू शकतो, आणि सोफ्यावर चढलं की ५६ इंचही हाताशी येतात. म्हणून एका टोकाला रिंगेऐवजी वेल्क्रो लावा. ओढलं की सुटलं पाहिजे.

या ब्लॉकमध्ये स्क्रूसाठी भोकात बसवायचा साधा प्लास्टिकचा प्लग गरगर फिरतो आणि हूक रोजच्या ओढीने सैल होतो. हलक्या ब्लॉकसाठीचे नायलॉन प्लग मागा. ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवून भोक पाडा, नाहीतर ते फाकतं. भुकटी फुंकून काढा, मगच प्लग. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक नको, तिथून वायर जाते.

रेवती_म
वेल्क्रोचं पटलं. आत्ता ओढणीने बांधून पाहिलं तर पडद्याची आतली कड खालून वर उचलली जातेय. शिवणीत चूक आहे का?

टीपदोरा
नाही. ती कड तिरकी जाते, म्हणून तिला जास्त लांबी लागते. पट्टा जितका घट्ट, तितकी उचल जास्त. पट्ट्याच्या वर थोडा झोळ सोडा आणि घड्या आधी हाताने एकावर एक बसवून मग बांधा. थोडी उचल तरी राहीलच, त्यासाठी खालची शिवण उसवू नका. पडदा सोडल्यावर तीच बाजू जमिनीवर लोळेल.

ओळंबा
बेडरूमला ब्लॅकआउट पडदे असतील तर त्यांना हे करू नका. मागचं कोटिंग रोज एकाच घडीवर दबून तडकतं आणि तिथून उजेडाची रेघ दिसते.