दुपारच्या उन्हात अडॅप्टर तापतो, चार्जिंग मंदावतं

प्रश्न: इलेक्ट्रिक गाडीला चार्जिंगची केबल अडॅप्टर मध्ये घालून जोडतो. दुपारी ३२ अँपिअरवर सुरू झालेलं एसी (घरच्या विजेसारख्या प्रवाहावरचं) चार्जिंग अर्ध्या तासात १६ वर येतं. रात्री असं होत नाही. दोष बॅटरीचा की अडॅप्टरचा?

उत्तर १: ३२ अँपिअर म्हणजे साधारण ७ किलोवॅट; तेवढ्याला बॅटरी सहसा एवढी तापत नाही. संशय अडॅप्टरवरच घ्या. पिनजवळचा सेन्सर तापमान वाढलं की करंट कमी करायला लावतो. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सांध्याचा रोध १० मिलिओहम असेल, तर ३२ अँपिअरला तिथे १० वॅट उष्णता तयार होते, १६ ला जेमतेम अडीच. त्यात हवाच तापलेली, मग ही उष्णता बाहेर पडणार कुठे?

उत्तर २: खात्री करायची तर त्याच वेळी अडॅप्टरशिवाय थेट लावून बघा. करंट टिकला, तर दोष अडॅप्टरचाच.

प्रश्नकर्ता: थेट लावल्यावर ३२ टिकतो. पिना घासून काढू का?

उत्तर १: पॉलिश पेपर अजिबात नको, चांदीचा मुलामा निघतो आणि रोध उलट वाढतो. दोन्हीकडून प्लग काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, पूर्ण वाळू द्या. पिन काळवंडली असेल किंवा प्लास्टिक वितळलं असेल, तर अडॅप्टर बदलाच.

उत्तर ३: केबलचं वजन अडॅप्टरवर लोंबकळतंय का, तेही बघा. पिना तिरक्या बसतात. केबलला आधार द्या, वेटोळं सोडा, सावली करा. ओलं फडकं मात्र गुंडाळू नका! तोवर गाडीतून २० ते २४ अँपिअरची मर्यादा घाला. बंद-चालू होत राहण्यापेक्षा ते बरं.