असिस्टंटला नियम लिहून द्यायचे की दारच बंद ठेवायचं?

सात_रस्ता
सोलापुरातल्या दोन-तीन जणांच्या टीमही आता मोबाइल लॉगिनच्या लायब्ररीवर (इतर अ‍ॅप वापरतात तो तयार कोड) कोडिंग असिस्टंटला, म्हणजे कोड लिहिणाऱ्या एआयला, कामाला लावतात. माझं मत: रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) एजंट्स डॉट एमडी ही असिस्टंटसाठीच्या सूचनांची फाइल हवीच, पण तीत 'सुरक्षित कोड लिही' असली स्तोत्रं नकोत. नेमकं लिहा. लॉगिन वेबव्ह्यूत, म्हणजे अ‍ॅपच्या आतल्या ब्राउझर-चौकटीत, उघडायचं नाही. अँड्रॉइडवर कस्टम टॅब्ज (अ‍ॅपवर उघडणारा खरा ब्राउझर), आयफोनवर सिस्टिमचंच ऑथेंटिकेशन सेशन. पीकेसीईत (लॉगिनचा कोड वाटेत चोरला तरी वापरता येऊ नये यासाठीची पडताळणी) एस२५६च, म्हणजे हॅश करून, प्लेन नाही. व्हेरिफायर, म्हणजे त्यातला गुप्त रँडम मजकूर, ४३ ते १२८ अक्षरांचा. आणि कारण अर्ध्या ओळीत द्या: वेबव्ह्यूत टाकलेला पासवर्ड अ‍ॅपला वाचता येतो. वेबव्ह्यू नको म्हणणारा आरएफसी ८२५२ हा इंटरनेट-मानकांचा दस्तऐवज आला २०१७ मध्ये, त्याआधीची उदाहरणं नेटवर अजून पडून आहेत. कारण दिलं नाही तर असिस्टंट तीच उचलतो.

जुनी_मिल
कागदावरचा नियम म्हणजे विनंती ओ. संवाद लांबला की ती ओळ मागे पडते. जॅकार्डवरच्या चादरीची नक्षी विणकराच्या आठवणीवर सोडत नाहीत, ती कार्डाच्या भोकांत असते. वेबव्ह्यूचा इम्पोर्ट दिसला की लिंटनं (कोड तपासणाऱ्या टूलनं) बिल्ड (कोडपासून अ‍ॅप बनवणं) पाडावा, विषय संपला.

तेवढ्यानंही भागत नाही म्हणा. कॉटलिन या अँड्रॉइडवरच्या भाषेत सार्वजनिक फंक्शनला एक पॅरामीटर वाढवला, डीफॉल्ट किंमत दिली, तरी जुन्या आवृत्तीवर कंपाइल झालेला कोड चालताना पडतो. एपीआयचेक ही तपासणी सार्वजनिक फंक्शनांच्या साठवलेल्या यादीशी तुलना करून हे पकडते. पण असिस्टंटला 'बिल्ड हिरवा कर' एवढंच सांगितलेलं असतं, तो एपीआयडम्प चालवतो, तुलनेची फाइलच नव्यानं लिहिली जाते आणि सगळं हिरवं! म्हणून ती डम्प फाइल माणसाच्या मंजुरीशिवाय मर्ज (मुख्य कोडमध्ये सामील) होऊच नये.

कडक_भाकरी
लिंटला दिसतच नाही ते काय करणार? रिफ्रेश टोकनचंच उदाहरण घ्या, अ‍ॅक्सेस टोकनची मुदत संपली की नवं मिळवून देणारं. दोन रिक्वेस्टना एकदम ४०१ ('लॉगिन वैध नाही') आला, दोघी रिफ्रेशला धावल्या. सर्व्हर दर वेळी टोकन बदलणारा असेल, तर दुसरीच्या हातात वापरून झालेलं टोकन असतं. सर्व्हरला ती चोरी वाटते, तो अख्खी साखळी रद्द करतो आणि यूझर बाहेर फेकला जातो.

असिस्टंटला सांगा, तो म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक) टाकतो. छान दिसतं. पण लॉक मिळाल्यावर टोकन स्टोअरमधून पुन्हा वाचायचं राहून जातं. मग दुसरी रिक्वेस्ट शिस्तीत रांगेत थांबते आणि तेच जुनं टोकन पाठवते. हे वाक्य सूचनांच्या फाइलमध्येच लागतं.

जुनी_मिल
वाक्य नको, टेस्ट हवी. खोटा सर्व्हर उभा करा, २० रिक्वेस्ट एकदम ४०१ वर पाडा, रिफ्रेश मोजा: १ च झाला पाहिजे. टेस्ट आधी माणसानं लिहायची आणि ते फोल्डर असिस्टंटला बंद. त्याच्याकडून लिहून घेतली तर स्टोअरचाच मॉक (खोटी प्रतिकृती) करून मोकळा होईल.

सात_रस्ता
आणि यंत्रच चुकीचं सांगत असेल तर? अँड्रॉइड १२ ला टार्गेट केलं की पेंडिंग इंटेंट (नंतर पाठवायला दुसऱ्याच्या हाती दिलेला निरोप) बदलता येणारा की न बदलणारा हे लिहावंच लागतं, आणि लिंट 'न बदलणारा' सुचवतं. अ‍ॅपऑथ ही लॉगिनची लायब्ररी लॉगिनचं उत्तर त्याच इंटेंटमध्ये भरून पाठवते. असिस्टंटनं लिंटचं ऐकलं की ब्राउझरमध्ये लॉगिन पूर्ण होतं, अ‍ॅप परत समोर येतं आणि हातात रिकामं उत्तर. एररही नाही! तिथं त्या ओळीशेजारीच लिहावं लागतं: म्युटेबल मुद्दाम आहे, इंटेंट एक्सप्लिसिट (कुणाकडे जायचा ते नाव लिहून) ठेव, लिंटसाठी बदलू नको.

होटगी_रोड
तुम्ही तिघं घराची किल्ली हातात देऊन मग सूचना कसल्या लिहिताय? साइनिंग की (अ‍ॅपवर सही करायची किल्ली) आणि खरे क्लायंट सीक्रेट (सर्व्हरपुढे अ‍ॅपची ओळख पटवणारा पासवर्ड) असिस्टंट चालतो त्या मशिनवर नकोतच. टोकन साठवणारं मॉड्यूलही बंद. बग शोधताना तो एक लॉगची ओळ टाकतो आणि अ‍ॅक्सेस टोकन लॉगकॅटमध्ये (अँड्रॉइडच्या लॉगमध्ये) उघडं पडतं. डॉक्युमेंटेशन, सॅम्पल अ‍ॅप एवढंच द्या.

कडक_भाकरी
मग कटकटीचं काम कोण करणार? टोकन कूटबद्ध करून साठवणारं अँड्रॉइडचं एनक्रिप्टेडशेअर्डप्रेफरन्सेस २०२५ मध्ये डेप्रिकेट झालं ('यापुढे वापरू नका' म्हटलं गेलं), आज ना उद्या तिथून हलायचंच आहे. फक्त क्रम ठरवून द्या: जुनं वाचायचं, नव्या जागी लिहायचं, परत वाचून जुळवायचं, मगच जुनं पुसायचं. पुसणं आधी आलं आणि मध्येच अ‍ॅप मेलं, तर त्या यूझरचं लॉगिन गेलं.

होटगी_रोड
हा पॅच असिस्टंटला लिहू दे की. वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या प्रतीवर), खोट्या टोकनवर, आणि चारही पायऱ्यांच्या मध्ये प्रोसेस मारून दाखव म्हणावं. मर्जचं बटण मात्र माझ्याकडे.