टायमिंग पुन्हा लावावंच लागतं, आणि कॉइलही तपासा

जुन्या गाडीत पॉइंटच्या (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या यांत्रिक स्विचच्या) जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट बसवल्यावर टायमिंगला, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेला, हात लावायला नको, असं या चर्चेत वर कुणी म्हटलंय; ते पटत नाही. पॉइंट उघडण्याचा क्षण आणि किटमधल्या सेन्सरचा ट्रिगर (ठिणगीचा इशारा) जुळतीलच असं नाही. स्ट्रोब लाइटने (टायमिंग तपासायच्या लुकलुकणाऱ्या दिव्याने) पुन्हा लावाच.

ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. तारा सोडवून मल्टीमीटरने प्रायमरीचा (कॉइलच्या १२ व्होल्टच्या बाजूच्या वेटोळ्याचा) रोध मोजा. ३ ओहम असेल तर करंट साधारण ४ अँपिअर. दीड ओहमच्या कॉइलचा बॅलास्ट (करंट कमी ठेवणारा जोडलेला रेझिस्टर) काढलात तर ८, म्हणजे साधं मॉड्यूल (किटमधलं करंट चालू-बंद करणारं सर्किट) गेलंच. बॅलास्ट राहू द्या, पण मॉड्यूलची पॉझिटिव्ह वायर त्याच्या आधी, इग्निशन स्विचच्या पूर्ण १२ व्होल्टवर घ्या. नागपुरात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, तेव्हा इंजिन बंद करून चावी ऑन ठेवत गाणी ऐकू नका; कॉइलमधून करंट वाहत राहून मॉड्यूल तापू शकतं. काढलेले जुने पॉइंट आणि त्यांच्यासोबतचा कंडेन्सर डिकीत असू द्या. मॉड्यूल बहुधा न सांगताच मरतं.