पाण्याचा कोन पाठ करायला लावू नका

मिथेन १०९.५, अमोनिया १०७, पाणी १०४.५ अंश... रेणूतल्या दोन बंधांमधले हे कोन तुमची मुलगी रोज घोकते आणि दोन दिवसांत विसरते, असं तुम्ही लिहिलंय. परळला माझ्याकडे शिकवणीला येणारी बहुतेक अकरावीची मुलं याच जागी अडकतात. आकडे बाजूला ठेवा आणि तिला फुगे द्या.

चार सारखे फुगे फुगवून गाठी एकत्र घट्ट बांधायच्या. जमिनीवर ठेवलं की तीन खाली टेकतात, चौथा सरळ वर. कुणी न सांगता ते एकमेकांपासून होईल तितके लांब जातात. प्रत्येक फुगा म्हणजे कार्बनभोवतीची इलेक्ट्रॉनची एक जोडी, त्याही अशाच लांब जातात. हाच मिथेनचा चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा आकार.

आता पाणी. आधी कागदावर इलेक्ट्रॉनचे ठिपके काढायला लावा, ही पायरी मुलं हमखास गाळतात. ऑक्सिजनच्या बाहेरच्या कक्षेत ६ इलेक्ट्रॉन, २ बंधांत गेले, ४ उरले, म्हणजे दोन एकाकी जोड्या. या जोड्यांना एकाच अणुकेंद्राची ओढ असते, त्यामुळे त्या जास्त पसरतात. म्हणून दोन फुगे काढून तिथे जरा मोठे बांधा. उरलेले दोन जवळ ढकलले जाताना तिला स्वतःच्या हातात जाणवतील. गिलेस्पी आणि नायहोम या रसायनशास्त्रज्ञांनी १९५७ साली मांडलेली कल्पना हीच.

हायड्रोजन सल्फाइडचा कोन मात्र ९२ अंशांच्या आसपास आहे, तिथे फुगे पुरत नाहीत. तो प्रश्न तिनेच विचारला, तर समजा गाडी रुळावर आली.