रहामीम, अवीनू, द्वेकूत: ज्यू प्रार्थनेतले हे शब्द मराठीत कसे आणावेत?

शंका

ज्यू प्रार्थनांविषयी मराठीत जे वाचायला मिळतं त्यात 'दया', 'पिता' आणि 'सान्निध्य' हे शब्द सारखे भेटतात. अर्थ कळतो, पण देवाशी बोलणाऱ्या माणसाचा आवाज काही ऐकू येत नाही. मूळ हिब्रूत तिथे काय असतं? आणि त्याला जवळचं मराठी कोणतं?

उत्तर

'दया' जिथे दिसते तिथे मुळात बहुधा 'रहामीम' असतं. त्याच धातूचा दुसरा शब्द 'रेहेम', म्हणजे गर्भाशय. अरबीतही हेच नातं आहे, आणि आपल्याकडे आलेला 'रहम' त्याच घरातला. दया परक्याची येते, दुरूनही येते. रहामीम पोटच्या पोरासाठी येतं. मराठीत आपण 'पोटात तुटतं' म्हणतो, तो हा भाव.

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, एकतिसाव्या अध्यायात, देव एफ्राइमविषयी, म्हणजे इस्राएलच्या लोकांविषयी, बोलतो. हा माझा लाडका मुलगाच ना? त्याच्यावर कितीही बोललो तरी त्याची आठवण सुटत नाही, त्याच्यासाठी माझी आतडी कळवळतात. आणि लगेच त्या रेहेमच्या धातूचं क्रियापद, दोनदा उच्चारून ठासलेलं. हा उतारा वाचला जातो तो दिवस पाहा: रोश हशानाचा दुसरा दिवस. नवं वर्ष सुरू होत असतं आणि त्याच सणाला देवाच्या न्यायनिवाड्याचा काळ म्हणून मानतात. त्या दिवशी न्यायाधीशाच्या तोंडून ऐकू येतं ते हे.

१०३व्या स्तोत्रात तर 'जसा बाप मुलांवर, तसा परमेश्वर त्याचं भय बाळगणाऱ्यांवर' असं म्हणताना क्रियापद याच धातूचं वापरलंय. कर्ता बाप, क्रियापद आईच्या कुशीतलं. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या भाषेला हे समजावून सांगावं लागू नये. म्हणून माझं मत: रहामीमला 'कळवळा' किंवा साधी 'माया'. 'वात्सल्य' अर्थाने चूक नाही, पण प्रार्थनेत ते पुस्तकी वाटतं.

बेने इस्राएल समाजाची मुंबईतली पहिली मशीद (आपल्या सभास्थानाला हे मराठीभाषक ज्यू मशीदच म्हणत आले आहेत) सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ साली बांधली. तिचं नाव 'शार हा-रहामीम'. भाषांतर नेहमी 'दयेचं दार' असं होतं. 'मायेचं दार' म्हणून पाहा, उंबरठाच बदलतो.

शंका

आणि 'पिता'? 'अवीनू मल्केनू'चं भाषांतर 'हे आमच्या पित्या, हे आमच्या राजा' असं वाचलंय.

उत्तर

'अव' म्हणजे बाप, 'नू' म्हणजे आमचा. इथे 'आपला' लिहू नये, कारण बोलणं देवाशीच चाललंय. पण 'आमचा'मधला अनेकवचनी सूर सोडूही नये. 'तुम्ही तुमच्या देव परमेश्वराची मुलं आहात' हे बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं (१४:१) वाक्य सगळ्या लोकांना उद्देशून आहे.

या हाकेची गोष्ट तालमूदच्या, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) चर्चांच्या मोठ्या ग्रंथाच्या, तानीत या भागात आहे. दुष्काळ पडला होता. रब्बी एलियेझर यांनी चोवीस आशीर्वचनांची प्रार्थना म्हटली, पाऊस आला नाही. मग रब्बी अकिवा पुढे आले आणि एवढंच म्हणाले: अवीनू मल्केनू, तुझ्याशिवाय आम्हाला राजा नाही, तुझ्यासाठी आमच्यावर माया कर. पाऊस आला. आजही रोश हशाना ते योम किप्पुर (प्रायश्चित्ताचा दिवस) या दहा दिवसांत ही प्रार्थना म्हणतात. हाकेत बाप आधी आहे, राजा नंतर, आणि भाषांतरात हा क्रम मोडू नये. 'आमच्या बापा, आमच्या राजा, तू...' असंच लिहावं. राजा आला म्हणून 'आपण' करायची गरज नाही. मराठी माणूस देवाला 'तू'च म्हणतो.

त्याच भागात हानान नावाच्या एका सत्पुरुषाची गोष्ट आहे, ती मला यांतली सर्वांत प्रिय. पावसाची गरज पडली की विद्वान मंडळी शाळेतली पोरं त्याच्याकडे पाठवायची. पोरं त्याच्या कपड्याचं टोक ओढून म्हणायची, 'अब्बा, अब्बा, पाऊस दे.' तो वर बघून म्हणायचा, 'जगाच्या मालका, पाऊस देणारा अब्बा कोण आणि न देणारा कोण, हेही ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी तरी कर.' 'अब्बा' हा अरामी शब्द, आजची इस्राएली मुलंही बापाला हीच हाक मारतात. इथे 'पिता' लिहिलं तर गोष्ट मेलीच. 'बाबा' हवं.

पुरवणी

मुलं वाईट वागली तर? हा वाद तालमूदमध्येच आहे. रब्बी यहुदा म्हणतात, मुलांसारखे वागलात तर मुलं. रब्बी मेईर म्हणतात, कसेही वागा, मुलंच. 'लेकरू' शब्दात मेईर यांची बाजू आपोआप येते. नाठाळ लेकरूही लेकरूच असतं.

उत्तर

आता 'सान्निध्य'. मूळ शब्द 'द्वेकूत', धातूचा अर्थ चिकटणं; आजच्या हिब्रूत डिंकाला 'देवेक' म्हणतात. उत्पत्तीच्या पुस्तकात नवरा बायकोला धरून राहतो तिथे हेच क्रियापद. रूथच्या पुस्तकात एक सून ऑर्पा सासूचा, नामीचा, मुका घेऊन माघारी जाते आणि दुसरी सून रूथ नामीला सोडतच नाही, तिथेही हेच. मराठीत याला 'बिलगणं' आहे. 'सायुज्य' मात्र वापरू नये. बिलगणारा आणि ज्याला बिलगायचं तो, दोघं वेगळेच राहतात.

देवाच्या मागे चाला, असं तोरा (मोशेची पाच पुस्तकं) सांगते. पण देव म्हणजे भस्म करणारा अग्नी, असंही तीच सांगते. त्याच्या मागे माणसाने चालायचं कसं? तालमूदच्या सोता या भागात रब्बी हामा बार हनीना याचं उत्तर देतात: त्याच्या गुणांच्या मागे जा. त्याने उघड्या आदाम-हव्वाला कपडे दिले, तू दे. तो आजारी अब्राहामाला भेटायला गेला, तू जा. इसहाकाचं सांत्वन केलं, मोशेला पुरलं, तूही तेच कर. अठराव्या शतकात बाल शेम तोव यांच्यापासून सुरू झालेल्या हसिदी या भक्तिमार्गी ज्यू पंथाने द्वेकूतला साधनेच्या मध्यभागी आणलं आणि जेवणखाण, धंदा, गाणं, सगळ्यात ते शोधलं. त्यामुळे 'बिलगणं' केवळ ध्यानातलं समजू नये.

शंका

'तशुवा' = पश्चात्ताप, 'कोरबान' = बळी, एवढं बरोबर ना?

उत्तर

दोन्ही अपुरे. तशुवा म्हणजे माघारी येणं. पेसिक्ता रब्बाती या जुन्या उपदेशसंग्रहात एक राजपुत्र आहे, बापापासून शंभर दिवसांच्या वाटेवर. मित्र म्हणतात घरी जा, तो म्हणतो बळ नाही. बाप निरोप धाडतो: जमेल तेवढं चालून ये, उरलेली वाट मी येतो. 'पश्चात्ताप'मध्ये ही वाट कुठे दिसते?

कोरबानचा धातू 'जवळ' हा. इ.स. ७० मध्ये यरुशलेमचं मंदिर पडलं, वेदी गेली, आणि त्या जागी प्रार्थना आली. रोज तीनदा म्हटल्या जाणाऱ्या १४५व्या स्तोत्रात, खऱ्या मनाने हाक मारणाऱ्या सगळ्यांना परमेश्वर 'कारोव', जवळ, असतो असं आहे. तोच धातू. त्यामुळे कोरबानला 'अर्पण' चालेल, नुसता 'बळी' नको. मरीआईच्या बोकडापाशी गेलेलं वाचकाचं मन तिथून परत आणणं कठीण.