अमिबा, पॅरामिशियम, युग्लिना: ही नावं आली कुठून?

मुलीच्या प्रोजेक्टसाठी पवई तलावाच्या कडेचं पाणी आणलं, त्यात वाळकं गवत टाकून ठेवलं, तर मायक्रोस्कोपखाली एकपेशीय जीवांची नुसती जत्रा भरलीय. नावं घोकून झाली पण त्यांचा अर्थ काय? आणि अमिबाला 'तो' म्हणायचं की 'ते'?

— 'तो'च. पोट बिघडलं की 'अमिबा झालाय' म्हणतोच की आपण. तो पोटातला मात्र वेगळा, एन्टअमिबा हिस्टॉलिटिका, म्हणजे आतला अमिबा, ऊती विरघळवणारा. १९०३ मध्ये शाउडिन या जर्मन शास्त्रज्ञानं हे नाव दिलं आणि आतड्याच्या अस्तराचं तो अगदी तेच करतो. तळ्यातला बिचारा कोणाच्या अध्यात ना मध्यात.
मूळ शब्द ग्रीक, अमोइबे म्हणजे बदल. पण 'अमिबा' हे नाव पडायच्याही आधी, १७५५ मध्ये, रोझेल फॉन रोझेनहोफ या जर्मन निसर्गअभ्यासकानं त्याला 'छोटा प्रोटिअस' म्हटलं होतं. प्रोटिअस हा ग्रीकांचा समुद्रातला म्हातारा, धरायला गेलं की सिंह होणार, साप होणार, नाहीतर सरळ पाणीच होणार. १८२२ मध्ये बोरी द सां-व्हँसां या फ्रेंच निसर्गअभ्यासकानं 'अमिबा' (Amiba) केलं, Amoeba या स्पेलिंगमधला तो जादाचा 'ओ' नंतर एरेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञानं घुसवला, म्हणजे आपला मराठी उच्चार जुन्या रूपाच्या जवळचा निघाला. आता पूर्ण नाव अमिबा प्रोटिअस, एकच गोष्ट दोनदा!

— पॅरामिशियम म्हणजे नुसतं लांबट, त्यात काही मजा नाही. युग्लिना बघा: यू म्हणजे चांगलं, ग्लेने म्हणजे बुबुळ. एरेनबर्गला तो लाल ठिपका डोळाच वाटला, पण ठिपका स्वतः बघत नाही, नुसती सावली पाडतो, उजेड कळतो तो कशाभिकेच्या, म्हणजे पोहायच्या चाबकासारख्या शेपटीच्या, बुडाशी असलेल्या फुगवट्याला. तरी नाव गोड आहे, राहू दे.
व्होर्टिसेला म्हणजे छोटा भोवरा. तोंडाभोवतीच्या केसांसारख्या पक्ष्माभिका पाणी गरगर फिरवतात आणि काचेला जरा टिचकी मारली की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळून घेतो. पक्ष्म म्हणजे पापणीचे केस, लॅटिन सिलियमही पापणीवाचकच, ज्यानं मराठी शब्द पाडला तो हुशार.

— स्टेंटर राहिला की! ट्रॉयच्या युद्धातला दवंडीवाला, एकट्याचा आवाज पन्नास माणसांएवढा. हा जीव कर्ण्यासारखा दिसतो म्हणून ते नाव. ताणला की एक-दोन मिलिमीटर भरतो, साध्या भिंगानंही दिसेल. जलपर्णीची मुळं बशीभर पाण्यात झटकून बघा, पण जपून, पवईला मगरी आहेत, कडेकडेनंच.